नथ्थूजींचे उंदीर

आमच्या घरमालकांनी घर देताना एकच अट घातली होती. उंदीर मारायचे नाहीत.

बाकी त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. भिंतीत खुंट्या ठोका, मोरी हलवा, हवं तर खिडकी पाडा. फक्त उंदरांच्या वाटेला जायचं नाही, पिंजरा आणायचा नाही आणि मांजराला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू द्यायचं नाही. आमचे हे अकोल्याच्या कचेरीत कारकून. वरून आलेली गोष्ट मान डोलावून मान्य करायची त्यांना सवयच होती, त्यांनी तीही मान्य केली. पण त्या घरात दिवसभर राहायचं होतं मला. मी साताऱ्याकडची. उंदीर दिसला की केरसुणी घेऊन त्याच्या मागे धावायचं, एवढंच मला माहेरी शिकवलेलं.

"म्हणजे आमचं धान्य उंदरांनी खायचं आणि आम्ही बघत बसायचं का?" मी पदर खोचून विचारलं.

"तुमचं काहून खातीन बाई? त्यायचं मी येगळं देतो," नथ्थूजी म्हणाले.

आणि खरंच देत होते. रोज दिवेलागणीला हा उंच, वाकलेला म्हातारा हातात सूप घेऊन घरभर फिरायचा आणि कोपऱ्याकोपऱ्यात मूठमूठ ज्वारी टाकायचा. सणावाराला सरकी. सकाळी उठून पुन्हा तीच फेरी. दाणे संपलेले दिसले की चेहरा खुलायचा. "नांदून राहिले," असं स्वतःशीच पुटपुटायचे आणि मग तोंड धुवायला जायचे. एखाद्या कोपऱ्यात दाणे शिल्लक असले तर तिथेच उकिडवे बसायचे, भिंतीला कान लावून. आत खुडबुड ऐकू आल्याशिवाय उठायचे नाहीत. मला वाटायचं, आपण घर भाड्याने घेतलं नाही, उंदरांच्या घरी पाहुणे म्हणून आलो आहोत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ येऊन गेली होती, आणि प्लेग तर थंडीच्या दिवसांत कुठे ना कुठे डोकं वर काढायचाच. मोर्णा नदीच्या काठी जुन्या शहरात नथ्थूजींचं हे मातीचं, कवेलूंचं, म्हणजे कौलारू, घर होतं. पुढच्या दोन खोल्यांत आम्ही, मागच्या खोलीत ते एकटे. मधे अंगण, आणि अंगणात पुरुषभर उंचीची मातीची भिंत. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ पांडुजी, त्याची बायको, मुलं, सुना, नातवंडं, गाई-बैल, असं भरलेलं घर. दोघं भाऊ नदीकाठच्या वाडीत भाजी पिकवायचे. वांगी, मेथी, सांभार आणि दसऱ्याला झेंडू. सांभार म्हणजे कोथिंबीर, हे कळायला मला एक आठवडा आणि एक फसलेली आमटी लागली.

नथ्थूजींच्या उंदीरप्रेमामागे एक शास्त्र होतं, आणि ते ऐकायला माणूस मिळाला की ते सोडायचे नाहीत. उंदीर जिवंत आहे तोवर घर जिवंत आहे. प्लेग येतो तेव्हा आधी उंदीर मरतो, मग माणूस. तेव्हा घरात उंदीर असायलाच हवेत, नाहीतर इशारा देणार कोण? आणि मांजर का नको? "मांजर इशाऱ्याच्या मधात तोंड घालते," नथ्थूजी म्हणायचे. "बिमारीनं मेलेला अन् मांजरीनं मारलेला, मंग वळखाचा कसा?" आजारी उंदीर आडोशाला जाऊन मरत नाही, दिवसाढवळ्या झिंगत घराच्या मध्यभागी येतो आणि पडतो, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मीही जेवताना मधूनमधून घराच्या मध्यभागी बघू लागले.

इथवर सगळं ठीक होतं. पण शास्त्राची गाडी याच्या पुढे गेली की रस्ता सोडायची. उंदीर धष्टपुष्ट ठेवले, वेळच्या वेळी खायला घातले, तर ते आजारीच पडणार नाहीत, आणि ते आजारी पडले नाहीत तर प्लेग येणार कुठून, असा त्यांचा पक्का हिशेब होता. म्हणून ती ज्वारी.

सरकारी दवाखान्याचे डॉक्टर एकदा गल्लीत पाहणीला आले होते. त्यांनी ते कोपऱ्यातले दाणे बघितले आणि कपाळाला हात लावला. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा प्लेग आणतात, तुम्ही प्लेगला जेवायला घालताय, असं त्यांनी नथ्थूजींना चांगलं सुनावलं. नथ्थूजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, जो आपल्या पहिले मरते, तो आपला दुश्मन कसा?" ते म्हणाले.

डॉक्टरांनी पिसवांची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. नथ्थूजींना पिसवा पटल्या. उंदरांबद्दलचं मत मात्र काडीभर हललं नाही.

ते कुणाला भेटले की घरच्या माणसांची खुशाली मागून विचारायचे. आधी उंदीर. "काय गा, उंदरं धडधाकट हायेत ना?" अकोल्यात याची लोकांना सवय झाली होती, पण बाहेरगावी पंचाईत व्हायची. एकदा नात्यातल्या कुणा मुलीसाठी मूर्तिजापूरला स्थळ बघायला त्यांना वडीलधारे म्हणून नेलं. मुलाच्या बापाने घर दाखवलं, विहीर दाखवली, बैलजोडी दाखवली. नथ्थूजींनी विचारलं, "उंदरं हायेत का?" त्या बापाला वाटलं, हा आपल्या घराची स्वच्छता तपासतोय. तो छाती फुगवून म्हणाला, "आमच्या घरात औषधाला उंदीर भेटनार नाई." नथ्थूजी तसेच उठले आणि स्टेशनाकडे चालू लागले. ते स्थळ मोडलं. मुलीची आई पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हती.

टोचणीच्या दिवशीची तर गंमतच. प्लेगची लस टोचायला माणसं आली म्हटल्यावर अर्धी गल्ली नदीकडे पळाली. मी आणि आमचे हे भीतभीत गेलो, तर नथ्थूजी सदऱ्याची बाही वर करून सगळ्यांच्या पुढे बसलेले. त्यांना टोचलं. ते उठेनात. दुसऱ्या दंडाची बाही वर करत म्हणाले, "आता भावाचीबी मलेच टोचा. तो येत नाई."

"अहो, ज्याची त्यानंच घ्यायची असते," डॉक्टर म्हणाले.

"माह्या अन् त्याच्या अंगात रगत तं एकच हाय," नथ्थूजी म्हणाले. शेवटी दोघा शिपायांनी त्यांना उठवलं. मी हसून बेजार झाले. घरी येईपर्यंत हसत होते.

आणि दरवर्षी दिवाळी झाली की नथ्थूजी वाडीच्या वरच्या अंगाला झोपड्या बांधायला घ्यायचे. प्लेग आला तर घर सोडून शेतात राहायला. गेल्या सालच्या तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या त्यासाठी राखून ठेवलेल्या असायच्या. स्वतःसाठी एक लहानशी, अंग दुमडून निजावं एवढी. आणि भावाच्या घरासाठी एक लांबलचक मांडव, त्यात चुली, बैलांना जागा, बाळंतिणीला वेगळा आडोसा. येणारेजाणारे टिंगल करायचे, "नथ्थूजी, वऱ्हाड कुठलं येऊन राहिलं?" ते हसायचे आणि कामाला लागायचे. उन्हाळ्यात तो न वापरलेला मांडव मोडून चुलीत जायचा.

पांडुजी या सगळ्यावर मोठ्याने हसायचे. ते गोलमटोल, बोलके, घरात शिरले की घर भरून जाईल असे होते. त्यांना झोपड्यांची गरज वाटत नव्हती, टोचणीची नव्हती, कशाचीच नव्हती. कारण त्यांच्याजवळ देव होता, आणि तो त्यांच्या अंगणातच होता. मधल्या भिंतीला लागून, तुळशीशेजारी, शेंदूर फासलेला एक गोटा. ती गोष्ट त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितली, आणि नंतर भेटेल तेव्हा सांगितली.

"मोठा पिलेग आला होता ना बाई, त्या साली गल्लीत पहिला उंदीर माह्या अंगणात पडला. इथंच. सकाळच्या पारी. घरात बायको ओली बाळंतीण, आमची गंगू तवा पाळण्यात. देवानं म्हणलं, पांडू, नीघ. मी गाडी जुपली अन् निंगालो. परतून आलो तं गल्ली अर्धी झाली होती. आमच्या घरचं एक मानूस नाई गेलं."

"आणि नथ्थूजी?" मी विचारलं होतं.

"दादा नाई आला. त्याच्याकडं उंदीर नोहता पडला ना. वहिनी गेली, पोरगी गेली." पांडुजींचा आवाज खाली आला. "एकच पोरगी होती. सुभद्रा. हळद लागली होती तिले."

तेव्हापासून दर अमावास्येला त्या गोट्याला नारळ फुटायचा. प्रसाद भिंतीवरून नथ्थूजींकडे यायचा. भाकरीही त्यांना रोज भावाच्याच घरून यायची, न चुकता, ताटलीवर फडकं टाकून. भाकरी ते खायचे. खोबऱ्याचा तुकडा कमरेला खोचायचे आणि वाडीत गेले की वांग्याच्या वाफ्यात पुरून टाकायचे. मी एकदा बघितलं. म्हटलं, असतील काही खुळं, एवढी आहेत त्यात आणखी एक. त्या गोट्यासमोरून जाताना ते मान वळवून घ्यायचे, तेही मी खुळातच जमा केलं होतं.

त्या वर्षी थंडीत पांडुजींची गंगू बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. पाचवी पूजून दोन-चार दिवस झाले असतील. सकाळची वेळ, मी चुलीपुढे होते. मागच्या खोलीतून नथ्थूजींनी हाक मारली. आवाज अगदी रोजचा.

"बाई, उंदीर पडला."

खोलीच्या मधोमध, उन्हाच्या पट्ट्यात, तो पडला होता. नथ्थूजींनी त्याच्यावर टोपली उपडी घातली. मला म्हणाले, कपडे-भांडे बांधा, आमच्या ह्यांना कचेरीत निरोप धाडा. मग अंगणात जाऊन भिंतीपलीकडे हाक दिली, "पांडू, उंदीर पडला. निंगा."

"कोणाकडं?" पलीकडून पांडुजी.

"माह्याकडं."

"मंग तू जाय दादा. माह्याकडं पडंन तवा मी जाईन."

"पांडू, आयक."

"काय आयकू? घरात ओली बाळंतीण. अशा थंडीत तिले घेऊन कुठं जाऊ? मागच्या डावाले देवानं बरोबर माह्या अंगणात टाकला होता का नाई? तुह्याकडं टाकला होता का? मले निंगाचं असंन तं तो सांगंन मले."

पांडुजींच्या मनात काही वाईट नव्हतं. नथ्थूजी भिंतीशी उभे राहिले. मग परत आले आणि त्या टोपलीपाशी बसले. मला राग आवरेना. एवढी लहान पोर घरात, आणि हा बाबा गोट्याच्या परवानगीची वाट बघत बसलाय. मी म्हटलं, "नथ्थूजी, असं करा ना. हा उंदीर उचला आणि टाका भिंतीवरून त्यांच्या अंगणात. आपोआप निघतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आजवर कुणाचा चेहरा असा झालेला बघितला नव्हता. मला वाटलं, यांनाच ताप भरला की काय.

"ते एक डाव केलं बाई," ते म्हणाले. "आता नाई. तिथं लेकरू हाय. पिसवा उडतात."

मला काही उलगडा झाला नाही. त्यांनी उंदीर चिमट्याने उचलला, अंगणात नेला, घासलेट ओतलं, जाळला. हात राखेने घासून धुतले. मग डोक्याला फेटा बांधला, जसा ते परक्या घरी जाताना बांधायचे, आणि रस्त्याने फिरून, पुढच्या दाराने भावाच्या घरात गेले. मीही मागोमाग गेले. पांडुजींना चार शब्द ऐकवायचे म्हणून गेले होते.

पांडुजी अंगणात दोर वळत बसले होते. सुना धान्य निवडत होत्या. नथ्थूजी सरळ त्या शेंदरी गोट्यापाशी जाऊन उभे राहिले.

"हा गोटा काढ, पांडू."

"काहून?"

"इथं देवानं काई टाकलं नाई. मी टाकलं होतं."

पांडुजी हसले. त्यांना वाटलं, भावाचं काहीतरी नेहमीचंच.

"तो उंदीर माह्या घरात पडला होता," नथ्थूजी म्हणाले. "चुलीपाशी. दुसऱ्या रोजी सुभीची हळद होती. उंदीर पडला म्हणून गल्लीले समजलं असतं तं लगन मोडलं असतं. दरोगा आला असता, घरात ऊन पाडाले कवेलू काढले असते, पाव्हणे परत गेले असते. माही यसोदी म्हणे, नदीत टाकून या. पांडूकडं नका टाकू, तिथं ओली बाळंतीण हाय. मी नाई आयकलं. आपलं मोटेच्या पान्यावरून भांडण होतं. मी या भिंतीवरून टाकला."

सुनांचे हात सुपातच राहिले. पांडुजींच्या हातातला दोर उलगडत गेला.

"म्हणून म्हणतो, तुले सांगनारा इथं कोणी नाई. मी सांगून राहिलो. नीघ."

पांडुजी बराच वेळ त्या गोट्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याला नारळ फोडला, ज्याच्या भरवशावर अख्खं घर निजलं, तो हाच. मग बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून गंगूचा आवाज आला. "बाबा, गाडी जुपा." पांडुजी उठले. भावाच्या अंगावरून गेले, पण त्याच्याकडे बघितलं नाही. गोठ्यातून बैल सोडले.

त्या लांबलचक मांडवात त्या वर्षी पहिल्यांदा चुली पेटल्या. नथ्थूजींची झोपडी दूर बांधाकडे. उंदीर आमच्या घरात पडला होता, म्हणून आम्हीही तिकडेच, त्यांच्या शेजारी. नथ्थूजींनी आखून दिलेली रेघ होती, तिच्या पलीकडे पांडुजींच्या माणसांकडे आम्ही जायचं नाही. भाकरीची ताटली रेघेवर ठेवली जायची. आमच्या गल्लीतून रोज वाईट बातमी यायची. कुणाच्या काखेत गाठ आली, कुणाच्या जांघेत. आज बोलणारं माणूस परवा नसायचं. पांडुजींच्या शेजारच्या घरातली दोन माणसं गेली. मांडवातलं मात्र सगळं धड होतं. बाळंतिणीच्या आडोशातून त्या पोरीचं रडणं ऐकू आलं की नथ्थूजी हातातलं काम थांबवून ऐकायचे.

पांडुजी मात्र त्यांच्याशी बोलत नव्हते. समोरासमोर आले तर बैलांकडे वळायचे.

"रागावला असता तं बरं झालं असतं," नथ्थूजी एकदा दुपारी मला म्हणाले. मी मेथी निवडत होते. "शिव्या देल्ल्या असत्या, मारलं असतं. तसं काई नाई. त्याले माह्याकडं पाहाची लाज वाटते."

मला त्यांची दया आली. म्हटलं, "नथ्थूजी, तुम्ही उगाच मनाला लावून घेता. तुम्ही तो उंदीर तिकडे टाकला म्हणूनच ते सगळे वाचले ना? गंगू वाचली. आज तिची पोर तिकडे रडते आहे ती तुमच्यामुळे."

"वाचवाले नोहता टाकला, बाई," ते म्हणाले. "माह्यावरचं त्यायच्यावर जावो म्हणून टाकला होता."

मी मेथीच निवडत राहिले. मग त्यांनी आपणहून सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नसावं, कारण ते शब्द शोधत शोधत बोलत होते.

"पांडूची गाडी निंगाली तवा यसोदी दारात उभी होती. पदराखाली गाठोडं. तिनं सुभीले न्हाऊ घातलं होतं, दोघीचे कपडे बांधले होते. मले म्हणे, भाऊजीनं एक आवाज देल्ला तं मी जातो पोरीले घेऊन, तुमी बसा तुमच्या हळदीपाशी. पांडू बैलापाशी उभा. त्यानं आमच्या दाराकडं पाह्यलं. मी मनात म्हणलं, बलाव रे. बलाव. मी कशाच्या तोंडानं म्हणू? एक आवाज देल्ला असता तं ती गेली असती, म्या नसती अडवली. पण बोलणं बंद होतं आमचं. त्यानं बैल हाकलले. ती गाठोडं सोडून मंडपाची हळद दळाले बसली."

"पांडुजींना माहीत आहे हे? गाठोड्याचं?"

"नाई. पदराखाली होतं ना."

हळदीच्याच दिवशी सुभद्रेला ताप भरला. बायका म्हणाल्या, दगदग झाली, उन्हाचं आहे. काखेत गाठ दिसली तेव्हा जवसाचं पोटीस बांधलं. आई तिच्याजवळ बसून राहिली आणि तिच्यामागोमाग गेली. नथ्थूजींना काहीच झालं नाही. "मले साधी शिंक नाई आली बाई," ते म्हणाले. मी रडू लागले तर मलाच म्हणाले, मेथीत माती राहून राहिली, नीट पाहा.

साथ ओसरत आली. उन्हं तापू लागली, कवेलू काढलेल्या घरांत ऊन पडू लागलं, लोक परतायची भाषा करू लागले. अशाच एका दुपारी पांडुजी रेघ ओलांडून आले. पहिल्यांदाच. ते एवढ्या दिवसांत वाळले होते, त्यांचा तो घर भरणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. नथ्थूजी झोपडीबाहेर खुरप्याला धार लावत होते. पांडुजी समोर जमिनीवर बसले. मी आमच्या झोपडीच्या सावलीत होते. माझं भान त्या दोघांना नव्हतं.

"दादा."

"बोल."

"त्या दिवशी आमी निंगालो तवा वहिनी दारात उभी होती."

नथ्थूजींचा हात थांबला. "हव. होती."

"मी पाह्यलं होतं तिले. तिनंबी पाह्यलं माह्याकडं." पांडुजी मातीत बोट ओढत होते. "माह्या तोंडावर आलं होतं, चाला वहिनी म्हणाचं. अन् मले पान्याचं भांडण आठोलं. मी बैल हाकलले. तुह्याकडं भाकर धाडतो ना मी रोज, तवा रोज मले ते दार दिसते. गंगूच्या मायलेबी नाई सांगितलं कधी." ते थांबले. "मले एक सांग दादा. मी आवाज देल्ला असता, तं वहिनी आली असती का?"

उत्तर मला माहीत होतं. त्या रानात आम्हा दोघांनाच माहीत होतं. नथ्थूजी भावाकडे बघत होते. इतक्या वर्षांचं एकटेपण, ती खोली, भिंतीवरून येणारी ती भाकरी, या सगळ्यातला अर्धा वाटा भावाला देऊन टाकायची ही वेळ होती. माणसाला मोह व्हावा, असंच होतं ते. मला तर झालाच असता.

"छा," नथ्थूजी म्हणाले. "ती कुठं आली असती."

"खरं?"

"झाडू घेऊन उभी होती दारात. पाव्हणे येनार होते. पोरीची हळद टाकून कोणती माय शेतात जाते रे? तू घसा कोरडा केला असता तरी नसती आली. मी म्हणून पाह्यलं होतं तिले, जाय पांडूसंगं म्हणून. माह्याच अंगावर धावली. लय हट्टी होती."

"हट्टी तं होती," पांडुजी म्हणाले, आणि तोंडावर उपरणं धरून रडले. पुष्कळ वेळ रडले. नथ्थूजींनी त्यांना पाणी दिलं. मग दोघं काहीबाही बोलत बसले, यंदाच्या वांग्यांबद्दल, मोटेच्या दोराबद्दल, गंगूला सासरी कधी पोचवायचं त्याबद्दल. उठताना पांडुजींनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मांडवाकडे गेले. थोड्या वेळाने तिकडून त्यांचा आवाज ऐकू आला. सुनांवर ओरडत होते, पूर्वीसारखे, मोठ्याने.

नथ्थूजींनी खुरपं ठेवलं आणि वाकून झोपडीत शिरले. तुराट्यांची भिंत ती, आतलं सगळं ऐकू यायचं. आधी नुसताच खोकल्याचा आवाज आला. मग ते हळूच बोलू लागले, समोर कुणी बसल्यासारखे.

"यसोदे, तुह्या नावानं खोटं बोललो वं मी. रागाऊ नको."